दाराची काच

हे लिहायला मी तीन वेळा बसलो आणि तीन वेळा उठलो. गेल्या महिन्यात घरच्या लग्नात पुन्हा तो विषय निघाला. जेवणं झाल्यावर मांडवात खुर्च्या ओढून आम्ही चुलतभावंडं बसलो होतो, कुणीतरी तात्यांच्या पडण्याची गोष्ट काढली, आणि दादा नि मी नेहमीसारखे हमरीतुमरीवर आलो. काकू म्हणाली, "पुरे रे आता, किती वर्षं तेच उगाळणार?" म्हटलं, उगाळायचंच आहे तर एकदाच नीट उगाळावं. घरच्या मंडळींना सुरुवातीचा भाग पाठ आहे, त्यांनी तो गाळून पुढे जायला हरकत नाही.

२००८ चा मे महिना. रत्नागिरीपासून पंचवीसेक किलोमीटरवर आमची वाडी. शेवटचे हापूस उतरवताना तात्या कलमावरून पडले. फांदी कुजकी नव्हती, पाय निसटला इतकंच. खाली जांभा. उठता येईना. आम्ही त्यांना उचलून बाजल्यावर घातलं (मणका दुखावला असेल तर असं भसकन उचलू नये, हे तेव्हा आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं), पिकअपमधल्या आंब्याच्या पेट्या खाली उतरवल्या आणि बाजलं वर चढवलं. मागे आम्ही सहा जण, शिवाय मोटरसायकलींवर चौघे. आमच्याकडे आजारी माणूस एकटा निघत नाही, वाडी निघते.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यातलं होतं एवढं पुरे. तिथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही, हे पुढे कळेलच. तर पोर्चमध्ये दुचाक्या लावलेल्या, त्यामुळे पिकअप बाहेरच थांबली. ट्रॉली शोधायला दादा धावला. ती मिळाली तिचं एक चाक आडवं जायचं. केसपेपरची खिडकी दुसऱ्या इमारतीत, तिकडे मी धावलो. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर आणि एक सिस्टर. त्याने तात्यांना पायाची बोटं हलवायला लावली, पोट दाबून पाहिलं, सिस्टरला सलाईन लावायला सांगितलं आणि ट्रॉली भिंतीकडे सरकवली. मग मामांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढून दार लोटलं. दाराला एक गोल काच होती आणि त्या काचेला आतून पांढरा ऑइलपेंट फासलेला होता.

पाच-दहा मिनिटांत एक माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून धावत आला आणि सरळ आत गेला. दार पुन्हा बंद. त्यानंतर पाऊण तास त्या दारातून कुणी बाहेर आलं नाही. तात्या आत कण्हताहेत की नाहीत, तेही ऐकू येईना. आमच्यामागून आलेला आधी आत जातो म्हणजे वशिला असणार, हे कुणीतरी बोललं आणि दहाही जणांना पटलं. शेवटी दार उघडलं, तो डॉक्टर बाहेर येऊन ड्रायव्हरच्या नावाने ओरडू लागला, आणि मी त्याची कॉलर धरली. दुसरा हात उगारलाही होता. मामा मध्ये पडले म्हणून तो खाली आला.

त्या मुलाला मण्यार चावली होती. मण्यारीच्या विषाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास थांबतो. तो डॉक्टर पाऊण तास त्याच्या तोंडावर मास्क धरून रबरी फुगा दाबत होता. फुगा सोडला तर मूल जाईल. त्याच्याकडे दोनच हात होते आणि ते दोन्ही तिथे अडकलेले. सिस्टर प्रतिविषाच्या बाटल्या लावत होती. शेवटी तिने फुगा हातात घेतला तेव्हा तो ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर शोधायला बाहेर आला, आणि बाहेर मी होतो.

तात्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मनगट. जिवाला धोका नव्हता, आणि त्या मुलाने (डॉक्टरही तसा मुलगाच होता) ते दोन मिनिटांत ओळखलं होतं. दादाचं म्हणणं आजही असं, की एका वाक्यात येऊन सांगायला काय झालं होतं? माझं म्हणणं, तो कसा येणार होता? यावरच आमचं भांडण. मला मात्र अलीकडे वाटू लागलंय की आम्ही दोघेही चुकीच्या माणसाबद्दल भांडतोय. भांडायचं तर त्या दाराशी भांडायला हवं. आणि ते दार तिथे कुठून आलं, याचा शोध घ्यायला लागलो तर मी पार विलायतेत जाऊन पोहोचलो.

आधी शब्दच घ्या. 'कॅज्युअल्टी' आपण इतक्या सहज म्हणतो की तो मराठीच वाटतो. इंग्लंडमधली जुनी धर्मादाय इस्पितळं वर्गणीवर चालत. वर्गणीदाराचं शिफारसपत्र घेऊन जायचं, मग भरती. पण गाडीखाली सापडलेला माणूस पत्र कुठून आणणार? अशा अवचित येणाऱ्यांसाठी एक बाजूची खोली, ती कॅज्युअल्टी. म्हणजे पहिल्यापासूनच ती घराची ओसरी. खरं इस्पितळ आत, वॉर्डात.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज इस्पितळात या खोलीत बसणारा रॉबर्ट ब्रिजेस नावाचा एक तरुण डॉक्टर होता. १८७८ मध्ये त्याने आपल्या विभागाचा हिशेबच मांडला. वर्षाला तीस हजारांवर रुग्ण आपल्या नजरेखालून जातात आणि दर माणशी दीड मिनिटही वाट्याला येत नाही, असं त्याने सरळ इस्पितळाच्या अहवालात छापून टाकलं. पुढे त्याने डॉक्टरकी सोडली, कविता केल्या आणि १९१३ मध्ये तो इंग्लंडचा राजकवी झाला. कॅज्युअल्टीत काम करून कवी झालेला माणूस समजू शकतो, कवी राहून कॅज्युअल्टीत टिकलेला अजून पाहायचाय. असो.

इस्पितळाची खरी रचना मात्र ठरली ती वॉर्डाभोवती, आणि ती ठरवण्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा हात मोठा. हातात दिवा घेतलेली बाई एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं. प्रत्यक्षात ती आकड्यांत आणि नकाशांत रमणारी बाई होती. क्रिमियाच्या युद्धात लढाईच्या जखमांपेक्षा इस्पितळातल्या रोगराईने जास्त सैनिक मेलेले तिने पाहिले. १८५९ मध्ये तिने इस्पितळं कशी बांधावीत यावर पुस्तक लिहिलं. लांबलचक वॉर्ड, दोन्ही अंगांना उंच खिडक्या, दोन खिडक्यांच्या मध्ये खाट, एका वॉर्डात तीसेक रुग्ण आणि टोकाला बसलेल्या परिचारिकेला सगळे एका नजरेत दिसतील अशी मांडणी. एका वॉर्डाची हवा दुसऱ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक वॉर्ड वेगळी इमारत, मध्ये मोकळं अंगण, जोडायला लांब व्हरांडे.

गंमत अशी की तिचा विश्वास दूषित हवेवर होता. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा रुजायचा होता. कारण चुकीचं, पण घर बरोबर बांधलं. खिडक्या उघड्या, माणसं दूर दूर, उजेड भरपूर, याने माणसं खरोखरच कमी मेली. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण इथल्या फौजेच्या बराकी आणि इस्पितळांच्या हलाखीवर १८६३ च्या शाही आयोगासाठी तिने खूप लिहिलं. त्यानंतर आपल्याकडे सरकारी इस्पितळं बांधली गेली त्यांच्यावर या विचाराची छाप दिसते. कुठल्याही जुन्या जिल्हा इस्पितळाच्या आवारात जा. उंच छत, रुंद व्हरांडा, सुट्ट्या सुट्ट्या इमारती, मध्ये एखादं चिंचेचं नाहीतर गुलमोहराचं झाड.

महिनाभर तापाने पडून राहायचं तर याहून चांगली जागा नाही. पण तात्यांना एक्स-रेला न्यायचं होतं आणि एक्स-रेची खोली अंगणापलीकडे. नाइटिंगेलने हवेसाठी ठेवलेलं अंगण आम्ही आडव्या चाकाच्या ट्रॉलीवरून ओलांडलं, आणि प्रत्येक फरशीच्या सांध्याला तात्या ओरडले. मे महिना म्हणून निभावलं. जूनमध्ये कोकणातल्या पावसात छत्री धरून ढकलावं लागलं असतं. नंतर बारं होऊन घरी आणायच्या दिवशी मी पावलं मोजली. पोर्चपासून कॅज्युअल्टी, तिथून एक्स-रे, तिथून हाडांचा वॉर्ड, एकूण तीनशे अकरा. मध्ये दोन उंबरे आणि एक उतार, ज्याच्या तळाशी पाण्याची टाकी ठेवलेली.

आता कुणी म्हणेल, तेव्हाच्या लोकांना तातडीच्या उपचारांचं महत्त्व कळत नव्हतं का? कोकणापुरतं उत्तर सोपं आहे. तातडीने कुणी पोहोचतच नव्हतं. खाड्यांनी तुकडे केलेला मुलूख. तरीवर तर, मधली चाल डोलीतून, मोठ्या इलाजाला मुंबई गाठायची तर आगबोट, आणि पावसाळ्यात ती बंद. घाटावर १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत इस्पितळ उभारलं, त्याचं नाव कोकणातही झालं, पण तिथे जायला सह्याद्री चढायचा. जो इतका प्रवास सोसून जिवंत पोहोचला त्याला आणखी तासभर व्हरांड्यात ठेवलं तरी बिघडत नसे. ज्याला तासाभरात उपचार हवे होते तो वाटेतच संपलेला असे. त्यामुळे 'पहिला तास' ही गोष्ट नकाशात यायचं कारणच नव्हतं. रस्ते झाले, पूल झाले, मुंबई-गोवा महामार्गावर ट्रक धावू लागले, तेव्हा माणसं पहिल्या तासात इस्पितळाच्या दारात येऊ लागली, आणि दार होतं ओसरीचं.

पण माझा खरा प्रश्न बाहेर उभ्या राहिलेल्या दहा जणांचा आहे, आणि त्यासाठी १८९६ मध्ये जावं लागतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ विएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महापालिकेने फर्मान काढलं की प्लेगचा रुग्ण सापडला की त्याला सक्तीने इस्पितळात हलवायचं. इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचं साथीच्या रोगांचं, आजचं कस्तुरबा. आसपास गिरण्या, आणि गिरण्यांमधली माणसं मोठ्या संख्येने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली. रुग्णाला उचलून नेत, फाटक बंद होई, आणि पुढे काय होतं ते घरच्यांना कळत नसे. कळायचं ते एकच, बहुतेक जण परत येत नाहीत. आत माणसं मारतात, अंगातून मोमिआई काढतात, अशा अफवा उठल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चाल करून गेले.

इतिहासात याची नोंद अडाणी जमावाचा दंगा अशी होते. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही मनात तसंच म्हटलं, आणि मग मला माझा उगारलेला हात आठवला. मी तर पदवीधर होतो. हातात मोबाईल होता. फाटकाऐवजी काचेला रंग फासलेलं दार, एवढाच काय तो फरक.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाती मुंबईची प्लेग समिती आली. सक्ती तशीच होती, झडत्या चालूच होत्या, पण समितीने निरनिराळ्या जातिजमातींना आपापली प्लेग इस्पितळं काढायला मुभा आणि उत्तेजन दिलं. बांबू-चटयांच्या मांडवांत ती उभी राहिली. औषध तेच, म्हणजे जवळपास नाहीच. पण तिथे आपलं माणूस खाटेजवळ बसू शकत होतं, पाणी कोण पाजतंय ते दिसत होतं. लोक तिकडे जाऊ लागले. जातवार इस्पितळं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे, आणि तिथे कोणाला जागा नव्हती हा प्रश्न उरतोच. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालवला तो अशाच, कुठेच जागा नसलेल्यांसाठी. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच पुण्यात आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ सुरू केलं. सरकारी इस्पितळाबद्दल लोकांना वाटणारी धास्ती हे त्यामागचं एक कारण होतं.

म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे एक गोष्ट सिद्ध झाली होती. आजारी माणसाच्या घरच्यांना कुठे उभं करता आणि त्यांना काय दिसू देता, यावर इस्पितळ चालतं की फुटतं हे ठरतं. साथ ओसरली, मांडव मोडले, आणि ती गोष्टही त्यांच्याबरोबर गेली.

तिकडे जगात तातडीच्या उपचारांची रचना पुढे सरकत होती. त्याचं मूळ रणांगणावर. नेपोलियनच्या फौजेतला शस्त्रवैद्य लारे याने हुद्दा न पाहता जखम पाहून क्रम लावायचा असं ठरवलं. याला 'ट्रायाज' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणं, वेगळं काढणं. आपण आंब्याची रास घेऊन बसतो आणि पेटीचा, डागी, पिकलेला असं हाताने वेगळं करतो ना, तेच. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, इंग्लंडात बर्मिंगहॅमला एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत फक्त अपघातग्रस्तांसाठी वेगळं इस्पितळ सुरू झालं. कारखान्यांतले जखमी येत. जखमींना इतर रुग्णांपासून वेगळं ठेवायचं आणि दारात आल्यापासून घरी जाईपर्यंत एकाच चमूने पाहायचं, हे तिथलं सूत्र. ओसरीचं माजघर झालं ते तिथे. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र एमडीचा विषय म्हणून मान्य व्हायला २००९ उजाडलं. आमच्या त्या रात्री जो मुलगा कॅज्युअल्टीत होता त्याला हे वेगळं शास्त्र म्हणून शिकवणारं कुणी नव्हतं. तरी त्याने निवड अचूक केली.

कायदा मात्र आधी जागा झाला होता. पोलीस पंचनाम्याची वाट न पाहता आधी जीव वाचवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात बजावलं. १९९२ मध्ये बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी इस्पितळांनी परत पाठवलं होतं. त्या खटल्याच्या १९९६ च्या निकालात न्यायालयाने नुसती भरपाई दिली नाही, तर कुठे खाट मोकळी आहे हे कळण्याची मध्यवर्ती व्यवस्था हवी असंही सांगितलं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली. त्या रात्री ती असती तर तो डॉक्टर ड्रायव्हर शोधायला दाराबाहेर आला नसता, आणि ही गोष्टही झाली नसती.

आता पुन्हा दाराकडे. १२ मार्च २०१७ च्या रात्री धुळ्याच्या सरकारी इस्पितळात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आणला गेला. मेंदूचा शल्यविशारद तिथे नव्हता, दुसरीकडे न्यायला सांगितलं गेलं, आणि नातेवाइकांच्या जमावाने ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर आणखी काही ठिकाणी मारहाणी झाल्या, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा कायदा २०१० पासून होताच. नव्याने काय आलं? सुरक्षा महामंडळाचे जवान, एका रुग्णामागे दोनच पास, लोखंडी जाळीची दारं. मारणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही, मला तर मुळीच तो हक्क नाही. बंदोबस्त लागतोच. पण दार जितकं जाड कराल तितकं बाहेरच्याला कमी दिसतं.

इंग्लंडमध्येही कॅज्युअल्टीत हाणामाऱ्या होतात, हे वाचून मला जरा बरंच वाटलं (माणसाचा स्वभाव!). तिथल्या डिझाइन कौन्सिलने यावर काम करवून घेतलं. पिअर्सनलॉइड नावाच्या संस्थेने इस्पितळात बसून लोक कधी भडकतात ते पाहिलं. निष्कर्ष असा की थांबावं लागतं म्हणून माणूस भडकत नाही, का थांबतोय हे कळत नाही म्हणून भडकतो. त्यांनी भिंतीवर, छतावर, जिथे झोपलेल्या रुग्णालाही दिसेल तिथे फलक लावले. तुम्ही आता या टप्प्यावर आहात, पुढे हे होईल, तुमच्यामागून आलेला आधी गेला कारण त्याचा जीव जास्त धोक्यात आहे. बस्स, एवढंच. जिथे हे लावलं तिथे धमकावणं आणि अंगावर जाणं निम्म्यावर आलं असं २०१३ च्या मूल्यमापनात दिसलं, आणि चारातल्या तीन रुग्णांनी त्रागा कमी झाल्याचं सांगितलं.

शेवटचं ते वाक्य आमच्या दारावर त्या रात्री मराठीत लिहिलेलं असतं तर? दादा म्हणतो, कुणी वाचलं नसतं. मला वाटतं दहातल्या एकाने वाचलं असतं आणि उरलेल्या नऊ जणांना मोठ्याने सांगितलं असतं. आपल्याकडे बातमी अशीच पसरते.

पण तिकडचे फलक जसेच्या तसे आणूनही भागणार नाही, कारण तिथल्या नकाशात ट्रॉली ढकलायला माणूस आहे. आपल्याकडे ट्रॉली मी ढकलली, केसपेपर मी काढला, पट्टी आणि सुया आणायला दादा बाहेरच्या मेडिकलवर गेला, रक्त लागलं असतं तर रक्तपेढीत काका धावला असता. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतल्या लोकांनी घरातल्या चादरी आणून जखमींना उचललं. त्या चादरी म्हणजेच त्या संध्याकाळची स्ट्रेचर. आणि इस्पितळांनी भिंतीवर जखमींच्या नावांच्या याद्या लावल्या, त्यापुढे लोक बोट फिरवत उभे होते. नातेवाईक हा आपल्या इस्पितळाचा बिनपगारी नोकर आहे आणि त्याला बसायला बाकडंही नाही. जो माणूस यंत्रणेचा भाग आहे त्याला नकाशात गर्दी म्हणून दाखवायचं, हे जमणार कसं? कॅज्युअल्टीला लागून एक खोली, तिला आतलं दिसेल अशी उघडी काच (रुग्णाची लाज राखायला खाटेभोवती पडदा पुरतो), आणि दर पंधरा मिनिटांनी तिथे येऊन दोन वाक्यं बोलणारी एक व्यक्ती. ती डॉक्टर असायची गरज नाही. आमच्या मामांनाही हे सहज जमलं असतं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

नकाशात पाणी नसतं, तेही इथेच सांगून टाकतो, कारण आपल्या जिल्ह्यात घडलंय. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी गावात शिरलं, एका कोविड इस्पितळाचा वीजपुरवठा तुटला, आणि तिथले आठ रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या. त्यांच्या मृत्यूच्या कारणांवरून नंतर वाद झाले, त्यात मी पडत नाही. पण २००५ मध्येही चिपळूण बुडालं होतं. पाणी कुठवर चढतं याच्या खुणा गावातल्या भिंतींवर आहेत. जनरेटर त्या खुणेच्या वर हवा, हे सांगायला वास्तुविशारद कशाला लागतो?

२०२३ पासून रत्नागिरीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. म्हणजे आता इथेच डॉक्टर घडतील, नव्या इमारती होतील, नकाशे निघतील. त्या नकाशांवर ज्यांचा हात फिरणार आहे त्यांच्यापैकी कुणी ही पानं वाचत असेल असं वाटत नाही, पण आमच्या नात्यातली एक पोर वास्तुरचना शिकतेय. तिला मी तीनशे अकरा पावलांचा हिशेब दिलाय. ती म्हणाली, "काका, पावलं कमी करता येतात, पण तुम्ही दहा जण आलात त्यांचं काय करायचं ते शिकवत नाहीत." बघा.

परवा तात्यांकडे गेलो होतो. आता पंच्याऐंशीचे आहेत, काठी घेऊन कलमांत फिरतात, वर चढणाऱ्या गड्याला खालून शिव्या घालतात. मी त्यांना विचारलं, त्या रात्री आत नक्की काय झालं, तुम्ही शुद्धीत होतात ना? मला वाटलं होतं, दुखण्यात त्यांना काही आठवत नसेल.

"होतो की," तात्या म्हणाले. "माझी ट्रॉली त्या पोराच्या समोरच होती. डॉक्टर फुगा दाबताना मोठ्याने आकडे मोजत होता. त्याचा घाम टपटप खाली पडत होता. मध्ये एकदा मला म्हणाला, आजोबा, जरा कळ काढा, याला आधी बघतो. मी म्हटलं बघ बाबा, मला घाई नाही."

"मग हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

"तुम्ही बाहेर होतात," तात्या म्हणाले. "आणि नंतर कुणी विचारलंच नाही."